हलगी वाजली की…

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. राहुरीत टांगा ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुमच्याशी बोलतानाही माझे कान सारखे इकडून तिकडे फिरतात. राग मानू नका.

माझा जन्म काष्टी गावचा. आईचं दूध सुटतं न सुटतं, तोच एका माणसाने मला वरातीत नाचायला शिकवायला घेतलं. तो माझे पाय आखूड दोरीने बांधायचा, कानाशी हलगी वाजवायचा आणि ठेक्याठेक्याला छडी मारायचा. पळायला जागाच नव्हती. मी नाचत नव्हते, मित्रांनो, मार चुकवत होते. लोक मात्र कौतुक करत.

पुढे एका वरातीत मी उधळले आणि नवरदेवाला खाली पाडलं. मग माझी रवानगी घोडेगावच्या बाजारात झाली. तिथून बन्सी टांगेवाल्याने मला राहुरीला आणलं. या घरी मला मार नव्हता. दुष्काळात गवताची काडी दिसेना, तेव्हा बन्सीची बायको कडूबाई कुठून कुठून उसाचं वाढं डोक्यावर घेऊन यायची. तरीही लांब कुठे हलगी वाजली की माझं कातडं थरथरे, तोंडाला फेस येई. पाय कधी उधळत, कधी जागीच खिळत. इथे कुणी मारत नाही, हे मला कळायचं. पायांना कळत नव्हतं.

दुष्काळाच्या त्याच उन्हाळ्यात शेजारची पुष्पावती बाळंतपणाला अडली. बन्सीने घाईने टांगा जोडला. कडूबाई तिला सावरत मागे बसली. दवाखाना थोडाच राहिला होता आणि वळणावर समोरून वरात आली. हलगी कडाडली. मी थिजले. मागे पुष्पावती कळांनी ओरडत होती. मला पुढे जायचं होतं हो, पण पाय उचलेनात.

"चल की गं! आज तरी चल!" बन्सीने चाबूक उगारला.

"मारू नगा!" कडूबाई ओरडली. "मारलं तर आनखीच खिळंल ती."

"मग काय करू? पोरगी जाईल हातची!"

कडूबाई खाली उतरली. थेट वरातीत शिरून तिने हलगीवाल्याला हात जोडले. "दादा, वाजवनं थांबवा. बाई अडलीय."

हलगी थांबली. कडूबाईने माझ्या मानेवर तळहात ठेवला.

"लहानपनी बापाच्या हातचं मी बी लई खाल्लंय," ती हळूच म्हणाली. "अजून कुनी मोठ्यानं वरडलं की माजे हातपाय गार पडत्यात. घाबरू नगं, बाय. मी हाय."

बन्सीचा हात खाली आला. "हे मला कधी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"तुमी कधी इचारलं न्हाई."

ती हात न काढता उभी राहिली. हळूहळू माझा श्वास मोकळा झाला, एक पाय उचलला, मग दुसरा. दवाखान्याच्या ओसरीवरच पुष्पावतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या.

माझी भीती काही गेली नाही. पण त्यानंतर वरात दिसली की बन्सी आधीच टांगा दुसऱ्या गल्लीत घाली आणि घरातही आवाज चढवत नसे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादं मूल कुणी नुसता हात उचलला तरी दचकत असेल. त्याला भित्रं म्हणून हसू नका. त्याच्याजवळ बसा. ते बोललं तर ऐका. नाही बोललं, तरी उठून जाऊ नका.