लय थकले

गाणं संपलं. सहाही मुलं सतरंजीकडे पाहत राहिली. पेटीवरची फराजची बोटं होती तिथेच थांबली.

इंदिरानगरातल्या समुपदेशन केंद्रात दर गुरुवारी तो नैराश्याने ग्रासलेल्या मुलांकडून गाणी लिहवून घेई. औषधं डॉक्टरांची, शब्द मुलांचे, चाल त्याची. उज्वलाला तिचे वडील कारभारी दिंडोरीहून मोटारसायकलवर आणत आणि जिन्याखाली थांबून राहत. दोन महिने तिने कागदावर नुसत्या रेघा ओढल्या होत्या. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा एक ओळ उतरली. मराठीत एम.ए. झालेला फराज आठवडाभर त्या ओळीच्या प्रेमात होता. आज त्याने ती चालीत बांधून सगळ्यांकडून म्हणवून घेतली : ‘लय थकली, दिसत नाही.’

उज्वलाचे ओठ तेवढे हलले नव्हते.

“आवडली नाही का चाल?” त्याने विचारलं.

“ही ओळ माझी नाय, सर.”

त्याने तिचाच कागद पुढे केला. तिने ‘थकले’वर बोट ठेवलं. ती मात्रा त्याला चूक वाटली होती. त्याने मायेने सुधारली होती, ‘नाय’चं ‘नाही’ही केलं होतं.

“लय म्हंजे खूप,” ती म्हणाली. “मी थकले. तुमची गाण्यातली लय नाय.”

मुलांतला रुद्र फिसकन हसला. “सर, एम.ए. परत करून या,” त्याच्या शेजारची इन्शा म्हणाली.

फराजही हसला, पण आतून चरकला. घरीदारी जे कुणाला सांगता आलं नाही, ते या मुलीने चार शब्दांत त्याच्या हाती दिलं होतं; आणि त्याने त्यातून नेमकं तिलाच गाळलं होतं. आज ती दुखावून गेली, तर पुन्हा जिना चढणार नव्हती.

त्याने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. हरकती, ताना बाजूला ठेवून, तिने लिहिली होती तशीच ओळ म्हटली : “लय थकले, दिसत नाय.”

“‘लय’वर जोर द्या,” ती म्हणाली. “आन् एवढं रडकं नको.”

त्याने जोर दिला. तिसऱ्यांदा त्याच्या आवाजाखाली तिचा आवाज आला. बारीक, कोरडा, पण सुरात.

वेळ संपली. मुलं पांगली. ती दारात चपला घालत असताना फराज कागद घेऊन तिच्यामागे गेला.

“पुढच्या गुरुवारी येशील ना, उज्वला?”

तिने कागद त्याच्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि तीच ओळ गुणगुणत जिना उतरू लागली.