दोन बोटं जागा

"बाटली काय, सगळ्यांकडे असते," बाटलीमामा म्हणाला. "बाटली कळणारा माणूस मात्र अख्ख्या गल्लीत एकच. तो आत्ता तुझ्या स्वयंपाकघरात उभाय."

भाचीला पोस्टात पोचायला उशीर होत होता, आणि मामाने तिचा प्रवासाचा मग झाकण उघडून नाकाशी धरला होता.

"यातली रबराची रिंग शेवटची कधी काढलीस?"

"निघते ती?"

मामाने कपाळावर हात मारला. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतलेला माणूस तो. चमच्याच्या दांड्याने रिंग उचकटून त्याने तिच्यासमोर धरली. खाली काळपट चिकट असं काहीतरी होतं, आणि भाचीने ते बघितल्याबरोबर आठ महिन्यांची कॉफी आठवून तोंड फिरवलं.

"आधी गरम पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, बाटली आतून तापवायची. मग ते ओतून चहा भरायचा, काठापर्यंत नाही, वर दोन बोटं जागा सोडायची. वाफ जराशी जाऊ द्यायची, मग झाकण. घरी आल्यावर रिंग वेगळी, झाकण वेगळं, बाटली पालथी. रिकामी बाटली झाकण लावून ठेवणारा माणूस..."

"मामा, बस चुकेल."

थर्मासच्या बाटलीचं शास्त्र मामा भेटेल त्याला सांगायचा. दोन भिंती, मधे काही नाही, हवासुद्धा नाही, म्हणून ऊब बाहेर पडत नाही. भाचीची आई, म्हणजे त्याची ताई, म्हणायची, "म्हणजे डिट्टो तुझं डोकं."

मामाला एकच गोष्ट येत नव्हती. चहा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तेव्हापासून चहा ताईचा. पुढे ती खालच्या मजल्यावर राहायला आली आणि शाळेला निघताना तो तिच्या खिडकीत तापवलेली बाटली ठेवायचा. ती भरायची. एकतीस वर्षं लोक मामाच्या बाटलीचं कौतुक करत आले आणि आत चहा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. मामानेही नाही.

आता ताई दवाखान्यात होती, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. डॉक्टरीणबाईंनी भाचीला आणि मामाला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं की गिळण्याची ताकद चाललीय. अजून दोन-तीन दिवस घोटघोट काही घेता येईल. नंतर नाही. आणि त्याच्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

आत आल्यावर ताई म्हणाली, "बारक्या, उभ्या जन्मात तू मला एक कप चहा करून दिला नाहीस."

"अगं, तू कधी मागितलास?"

"आता मागतेय. तो मशीनचा नको हं. तुझ्या हातचा."

"त्यात काय एवढं!" मामा म्हणाला. "उद्या घेऊन येतो. वाफाळता."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मामाने शाळेतून निवृत्त होताना आणलेलं मापाचं भांडं काढलं. शंभर मिली पाणी, शंभर मिली दूध. पहिला चहा उतू गेला. दुसरा आटून खरवडायच्या लायकीचा झाला. तिसऱ्याचा रंग जमला. दोन बोटं जागा सोडून त्याने तो बाटलीत ओतला, बाटली मांडीवर घेतली आणि बसमधे खिडकीपाशी बसला.

मांडीला छान ऊब लागत होती. थोड्या वेळाने ती गुडघ्यापर्यंत आली. शेजारच्या बाईंनी मामाच्या पॅंटकडे एकदा बघितलं, मामाच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि जागा बदलली.

रबराची रिंग घरी होती. खिडकीत, वेगळी, छान वाळत.

ताईने दारातूनच त्याला न्याहाळलं. "अरे, या वयात?"

"चहा आहे तो, ताई."

"सगळे असंच म्हणतात."

ती एवढी हसली की ठसका लागला आणि नर्स धावत आली. ठसका थांबल्यावर ताईने डोळे पुसले. "वास तर बरा येतोय. पण तुझी पॅंट पिळून पिणार नाही मी. उद्या आण."

त्या दिवशी तिने दुपारचं सूप अर्ध्यावर सोडलं. आदल्या दिवशी सगळं प्यायली होती.

मग मामाने धसका घेतला, आणि धसका घेतलेल्या माणसाने शास्त्राच्या वाटेला जाऊ नये. त्याने रिंग बसवली, तीनदा बोट फिरवून बघितली. चहा आणखी गरम राहावा म्हणून काठापर्यंत भरला. वाफ जाऊ द्यायला थांबला नाही. बाटली दोन गुडघ्यांत धरली आणि झाकणावर फडकं गुंडाळून, दात खाऊन आवळलं. थेंब काय, मुंगी निघाली नसती आतून.

दवाखान्यात पोचेपर्यंत वरची वाफ निवली होती आणि तिने झाकण आत ओढून घेतलं होतं. मामाने जोर लावला. भाचीने लावला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा मालट्रक चालवायचा. तो "द्या इकडे" म्हणाला आणि थोड्या वेळाने "घ्या तिकडे" म्हणाला. पेशंटांकडून रबरी चेंडू दाबून घेणारे व्यायामवाले डॉक्टर आले, त्यांनी बाही सरसावली आणि मनगट धरून निघून गेले. ताई उशीला टेकून सगळं बघत होती.

"ट्रकवाल्यांनी थोडं हलवलं होतं हं. मनगटवाल्यांनी परत घट्ट केलं."

"ताई, बोलू नकोस, दम लागेल."

"सोड रे तिला. एवढ्या लोकांसमोर लाजतेय ती."

"गरम पाण्यात उलटी बुडवली की सुटते," मामा म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं. पण वॉर्डात गरम पाणी नव्हतं, खालच्या कॅंटीनचा गॅस बिघडला होता, आणि भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली.

"ताई, उद्या नक्की."

"हो रे," ती म्हणाली. तेवढंही तिने दोन श्वासांत म्हटलं.

घरी येऊन त्याने पातेल्यात पाणी तापवलं आणि बाटली झाकणाच्या बाजूने त्यात धरली. फस्स झालं आणि झाकण सहज फिरलं. चहा गरम होता. त्याने एक घोट घेतला. साखर बरोबर, रंग बरोबर. उत्तम चहा झाला होता. वाईट झाला असता तर त्याला बरं वाटलं असतं. उरलेला त्याने मोरीत ओतला आणि कितीतरी वेळ ब्रशने बाटली घासत बसला.

तिसऱ्या खेपेला त्याने एकही चूक केली नाही. बाटली एकदा सोडून दोनदा तापवली. रिंग होती. दोन बोटं जागा होती. वाफ जाऊ दिली, झाकण बेताने लावलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर एकदा उघडून परत लावून बघितलं. उघडत होतं. मामा जिना जवळजवळ धावत चढला.

खाटेच्या पायथ्याशी पाटी लटकत होती. *तोंडाने काही देऊ नये.*

भाची बाजूला उभी होती. तिने नुसती मान हलवली. ताईचे डोळे मिटलेले होते आणि श्वास घशात अडखळत होता. मामा बाटली पोटाशी धरून उभा राहिला. काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून तो तिथेच उभा राहिला.

नर्सने त्याच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. ओठ ओले करायच्या, टोकाला स्पंज असलेल्या काड्या तिच्या ट्रेमधे होत्या.

"काका, घोट नाही देता येणार. पण यावर थेंबभर घेऊन ओठांना लावू. चव कळेल त्यांना. डॉक्टरांना विचारते."

ती विचारून आली. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या होत्या. मामाने बाटलीचं वाटीसारखं झाकण भरलं. नर्सने बोट लावलं आणि झटकलं.

"बाप रे! भाजेल त्यांना. कोमट करा."

मामा फुंकर घालायला लागला. पण बाटली भारीतली होती. झाकणालाही दोन भिंती होत्या, मधे काही नव्हतं. फुंकर घालून घालून त्याला चक्कर यायला लागली, चहा मात्र तसाच वाफाळत होता.

"मामा, मी कागदी कप आणते," म्हणून भाची कॅंटीनकडे पळाली.

ताईने डोळे किलकिले केले. "झाला का?"

"झाला गं. निवतोय."

"बरं."

मामा फुंकत राहिला. वाऱ्याला लागावा म्हणून त्याने झाकण खिडकीत धरलं, परत आणलं, परत खिडकीत नेलं. भाची धापा टाकत कप घेऊन आली. चहा कपात ओतला, या कपातून त्या कपात केला, सहा-सात वेळा. मामाने करंगळी बुडवली. कोमट. अगदी हवा तसा.

"हं, घ्या," तो म्हणाला.

नर्सने काडी बुडवली, वाकली आणि थांबली. तिने काडी कपात ठेवली आणि ताईचं मनगट हातात घेतलं. मग मानेला बोटं लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"काका," ती म्हणाली.

भाची खाली बसली. मामाने कप स्टुलावर ठेवला आणि ताईच्या कपाळावर हात ठेवायला पुढे झाला, तेव्हा त्याचं कोपर स्टुलाला लागलं. कप उलटला आणि सगळा चहा चादरीवर सांडला. मामा रुमालाने पुसायला लागला. नर्स म्हणाली, राहू द्या, चादर तशीही बदलायचीच आहे.