कासवाच्या घरचा पाहुणा

जावयाला कागद दिसला की त्याची नजर आधी तळाच्या बारीक अक्षरांकडे जायची. विम्याचे दावे तपासणं हे त्याचं काम. कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, की हा तिथे बूट भिजवत जाणार, आणि पॉलिसीत काय बसतं अन् काय बसत नाही ते ठरवणार. लग्नाला आठवडा व्हायच्या आत मेव्हणीने त्याचं नाव 'विमा' ठेवलं. तिच्या बेकरीतली पोरंसुद्धा त्याला 'विमाभावजी' म्हणायला लागली.

सासुरवाडीत दर रविवारी जेवणं उरकली की भांडी मोरीत भिजायला पडायची आणि पुसलेल्या टेबलावर फासे यायचे. खेळ सोंगट्यांचा नव्हता. प्रत्येकाने एक पात्र बनवायचं, त्याचे गुण-अवगुण कागदावर मांडायचे, आणि सूत्रधार गोष्ट रचत नेईल तसं आपलं पात्र आता काय करतंय ते बोलायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगायचा. सूत्रधार अर्थातच सासूबाई. उभा जन्म त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात घालवला होता. शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, त्याची त्यांना इतकी सवय, की खेळात कुणी आततायीपणा केला की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

टेबलामागच्या खिडकीवर एक फळी होती. तिच्यावर बोटभर उंचीचे पुतळे दाटीवाटीने उभे होते. सासरे कवळ्या बनवायचे. उरलेल्या प्लास्टरचे आणि हिरडीच्या गुलाबी मसाल्याचे हे पुतळे त्यांच्याच हातचे. जावयाने पहिल्याच रविवारी विचारलं, "हे कोण?"

"मेलेले," मेव्हणी म्हणाली. "आमची मेलेली पात्रं. ती तलवारवाली माझी. तो बुटका दादांचा, आमच्या वडिलांचा."

जावयाने मान डोलावली आणि मनाशी गाठ मारली, की या नापासांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही.

आता हसू नका. त्याच्या वडिलांची नोकरी बदलीची. खोकी उघडून होतात न होतात तोच पुन्हा बांधायची वेळ यायची. सगळं बालपण त्याने दुसऱ्यांच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसून काढलं होतं, आणि एक गोष्ट शिकला होता: चूक केली नाही तर कुणी घालवून देत नाही. हे घर त्याला मनापासून आवडलं होतं. सगळे एकाच वेळी बोलायचे, एकमेकांच्या ताटातलं उचलायचे, भांडायचे आणि विसरायचे. त्याला मात्र कुणी काही बोलायचं नाही. तो ताट उचलायला उठला रे उठला, की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे हो जावईबापू, तुम्ही बसा." तो बसायचा. यांना आपण हवेसे वाटलो पाहिजे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्यासाठी खेळात पहिलं यायचं असं त्याने ठरवलं. हुशार माणसाची अक्कल कुठे शेण खाईल, सांगता येत नाही.

नियमांचं जाडजूड पुस्तक तो घरी घेऊन गेला. चार दिवस त्याने त्यात डोकं घातलं. बाकीच्यांनी योद्धे निवडले होते, चेटकिणी निवडल्या होत्या. याला मागच्या पानांत 'पाहुणा' नावाचं एक पात्र सापडलं, जे आजवर कुणी घेतलंच नव्हतं. नियम असा: पाहुण्याने एखाद्या घरात घासभर खाल्लं, की तो झोपी जाईपर्यंत त्या घराच्या छपराखाली त्याला कुणी इजा करू शकत नाही. आता अशा पात्राचा उपयोग काय? घराबाहेर पाऊल टाकलं की संपलं, डोळा लागला की संपलं.

विम्याने पुढची पानं उलटली. पाळीव प्राण्यांत त्याला एक कासव मिळालं, ज्याच्या पाठीवर आख्खं घर असतं. म्हणजे घर आपल्याबरोबर चालणार. अवगुणांत मिळाला निद्रानाश. अवगुण घेतला की बदल्यात गुण मिळतात, म्हणून त्याने तो आनंदाने पदरात पाडून घेतला. त्या जादा गुणांत एक नशिबाचं नाणं आलं, कुठलाही फासा एकदा परत टाकायचा हक्क देणारं. ते त्याने अगदीच जिवावर बेतलं तर, म्हणून राखून ठेवलं. जो कधी झोपत नाही, आणि जो कायम कासवाच्या घरचा पाहुणा आहे, त्याला मारणार कोण?

एकच अपवाद होता, आणि अपवाद आधी वाचायची तर त्याला सवयच. पाहुण्याने त्या घरचं काम केलं, चूल पेटवली, भांडं घासलं, झाडू मारला, तर तो पाहुणा राहत नाही. म्हणून त्याचं पात्र कासवाच्या घरात मांडी घालून बसायचं आणि इकडची काडी तिकडे करायचं नाही. मेव्हणीची योद्धी चूल पेटवायची. नकाशे काढणं हा त्याच्या बायकोचा पेशा, तेव्हा तिची वाटाडी पुढे वाट शोधायची. सासऱ्यांचा म्हातारा मांत्रिक कासवाची पाठ घासायचा. आणि पाहुणा खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या राक्षसांना राम राम करायचा.

सासूबाईंनी सगळे उपाय करून पाहिले. दरड पाडली, छपराने झेलली. विष घातलं, बाधलं नाही. भूत पाठवलं, ते बिचारं रात्रभर याच्या गप्पा ऐकून पहाटे निघून गेलं.

"देव तारी त्याला कोण मारी हे ऐकलं होतं," मेव्हणी वैतागून म्हणाली. "इथे तर कासवच तारतंय."

"जावयाला मारायचं तरी कसं!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नेमके त्याच वेळी शेजारचे काका नेलेली चाळणी परत द्यायला दारात आले होते. त्यांनी चाळणी हळूच खाली ठेवली आणि आल्या पावली परत गेले.

जावई मात्र खुशीत. आपण सगळ्यांच्या नाकी नऊ आणले, म्हणजे आपली छाप पडली, असा त्याचा हिशेब. एवढं खरं, की हल्ली त्याची पाळी आली की मेव्हणी फोन बघायची, आणि बायको कागदाच्या कोपऱ्यात झाडं काढत बसायची.

अशात बायकोची दूरच्या गावी बदली झाली. येता रविवार शेवटचा, मग वर्षभर तरी येणं नाही. काही सामान ठेवायला म्हणून जावई आदल्या दिवशी सासुरवाडीत गेला, तर सासरे एकटेच कामाच्या टेबलाशी बसले होते. समोर दातांचे साचे, आणि त्यांच्यामध्ये एक गुलाबी पुतळा: मांडी घातलेला माणूस, पोट जरा सुटलेलं, खाली इवलंसं कासव.

"हा मी?" जावयाने विचारलं.

"तुम्हीच. कधीचा करून ठेवलाय." सासऱ्यांनी पुतळ्याच्या नाकावरून ब्रश फिरवला. "फळीवर जागाही ठेवलीय, माझ्या बुटक्याच्या शेजारी. पण तुम्ही मरायचं नावच घेत नाही."

"म्हणजे?"

सासरे घुटमळले. मग उठून त्यांनी फळीवरचा बुटका आणला. "हा माझा पहिला. लग्न झालं तेव्हा खेळ तुमच्या सासूबाईंच्या आईकडे होता. तुमच्या आजेसासूबाई. त्या घरात मला कोणी विचारत नव्हतं. एकदा पूल कोसळत होता, बाकीचे पार होईपर्यंत याने दोर धरून ठेवला. गेला बिचारा. त्या दिवशी म्हातारी पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, पाय पुसून घरात ये म्हणून." ते हसले. "ही फळी हरलेल्यांची नाही हो. आमच्यात जो या टेबलावर कुणासाठी तरी मेला, तो घरचा."

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जाऊन तो बायकोवर उखडला. "मला सांगायचं नाहीस?"

"सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस मुद्दाम विहिरीत उडी मारतो. आई ते धरत नाही. दादांना पोटात काही राहत नाही, म्हणून तुला कळलं." मग ती हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं तू पहिल्या महिन्यातच मरशील. तुझा स्वभावच तसा आहे. पण तू तर स्वतःचाच विमा उतरवून बसलास."

तो रडायच्या बेतात आला होता. चुकायचं नाही, एवढ्यासाठी त्याने जिवाचं रान केलं, आणि या घरात यायचं दार नेमकं तेच बंद करून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं!

शेवटचा रविवार उजाडला. जेवणं झाली, भांडी मोरीत गेली, एक ताट तेवढं टेबलावर राहिलं, आणि जावई सवयीने बसून राहिला. सासूबाईंनी त्या दिवशी बर्फाची राणी आणली होती. तिने दारातून एक फुंकर घातली, आणि कासवाच्या घरातले सगळे जागच्या जागी गोठले. योद्धी, वाटाडी, मांत्रिक, तिघंही. पाहुण्याला काय होणार? तो खिडकीत बसलेला.

"राणी दारात उभी आहे," सासूबाई म्हणाल्या. "हातात बर्फाचा भाला. तिघांना ऊब मिळाली नाही तर ते गेले. तुम्हाला ती काही करू शकत नाही. जावईबापू, काय करता?"

मेव्हणीने फोन उलटा ठेवला.

"घरात चूल आहे ना?" जावयाने विचारलं.

"आहे. विझलेली."

"मी उठतो," तो म्हणाला. "चूल पेटवतो. पाणी तापत ठेवतो."

टेबलाखाली सासूबाईंचा पाय दाबला गेला. "थांबा. तुम्ही नियम वाचलाय?"

"सगळ्यात आधी वाचला होता. घरचं काम केलं की पाहुणा संपला. आणि ती सकाळची खरकटी भांडी पडली आहेत ना कोपऱ्यात? पाणी तापेपर्यंत तीही घासतो."

सासरे खोकल्यासारखं करून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी गोष्ट पुढे नेली. गरम पाण्याने आधी योद्धी सुटली, आणि ती हलताच राणीने भाला उचलला तो तिच्यावरच. योद्धीच्या अंगात जेमतेम एका घावापुरता जीव उरला होता.

"मी आड येतो," जावई म्हणाला.

"वेळेत पोचायला पंधराच्या वर पडायला हवेत."

त्याने फासा टाकला. चार पडले.

मेव्हणीने सुस्कारा सोडला. "जाऊ दे रे विमा. माझे तीन पुतळे आहेत फळीवर, हा चौथा."

"थांब," तो म्हणाला. "माझं नाणं शिल्लक आहे."

"ते तुझ्या जिवासाठी राखलं होतंस ना?" बायकोने विचारलं.

"त्यासाठीच वापरतोय."

फासा घरंगळत ताटाच्या कडेला आपटला आणि थांबला. सतरा! मेव्हणी खुर्चीवर उभी राहिली. भाला कुठून आला, कुठे लागला, ते सासूबाईंनी फार छान सांगितलं. पाहुणा कासवाच्या घरात पडला, हातात अर्धं घासलेलं पातेलं. उरलेल्या तिघांनी मिळून राणीला पळवून लावलं. कासव थोडा वेळ डोकं आत घेऊन बसलं.

आणि मग त्या घरात असा जल्लोष झाला, की शेजारचे काका पुन्हा दारात आले, आणि जावई धडधाकट आहे हे पाहून निश्चिंत होऊन गेले. बायकोने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. सासऱ्यांनी खिशातून पुतळा काढला. तो सकाळपासून खिशातच होता! त्यांनी बुटक्याला किंचित सरकवून तो फळीवर ठेवला. जावई बघत राहिला. इतक्या घरांत राहिला, पण कुठल्याच घरात त्याचं असं काही मागे राहिलं नव्हतं.

त्याने नेहमीसारखं ताट उचलायला हात पुढे केला, आणि नेहमीच्या वाक्याची वाट पाहिली.

सासूबाईंनी डोळे पुसले, मोरीवरची घासणी उचलली आणि त्याच्याकडे फेकली. "बसलास काय? पातेलं अर्धंच घासलंयस. ऊठ."

तो उठला. बाह्या वर करून त्याने नळ सोडला. सासरे शेजारी फडकं घेऊन उभे राहिले. पहिलंच पातेलं त्याने पुढे केलं, तर मागून सासूबाईंनी ते हातातून ओढून घेतलं, बुडावरून बोट फिरवलं आणि ओरडल्या, "अरे, हे काय घासलंस? तेलकट तसंच आहे सगळं! पुन्हा घास!"

"हो," जावई म्हणाला, आणि त्याने ते इतक्या आनंदाने पुन्हा घासलं, की सासऱ्यांना फडकं तोंडाला लावून हसावं लागलं.