कोरड्या शनिवारांची यादी

भूपेंद्र खुर्चीत ज्या थाटात रेलून बसला, त्यावरूनच सुनंदाबाईंनी ओळखलं की याचं तोंड हातांपेक्षा जास्त चालणार. भाचा पुण्याच्या कंपनीत होता, पण सहा वर्षांत त्यानं स्लाइडींशिवाय काही बनवलं नव्हतं. देवपूरला आत्याकडे चार दिवस आला की साऱ्या घराला मात्र तंत्रज्ञान शिकवायचा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आठ पाड्यांवरची शाळकरी मुलं दर शनिवारी दोर सोडून विहिरीचं पाणी मोजत. मोजायला त्यांना सुनंदाबाईंनीच शिकवलं होतं. मुलं जे लिहीत, ते गुरुजी जसंच्या तसं साध्या मजकुराच्या फाइलींत टिपून पाठवत. अशा चारशे बारा फाइली झाल्या होत्या. आज चार वाजता धुळ्यात समिती बसणार होती आणि ज्यांची पाण्याची परिस्थिती सगळ्यांत वाईट, त्या तीन पाड्यांच्या विहिरी खोल करायचं ठरवणार होती. तोवर एकत्र यादी हवी होती.

"चारशे फाइली? आत्या, एकेक उघडायची म्हटली तर दिवाळी येईल."

"एकेक कशाला उघडतोस? जळगावच्या तंत्रनिकेतनात मी शिकवायचे तेव्हा आमच्या संगणकांच्या हिरव्या पडद्यांवर शब्द शोधणारं ग्रेप होतं, क्रम लावणारं सॉर्ट होतं. चार ओळींत बठ्ठं काम व्हायचं. ती हत्यारं या लॅपटॉपवर मिळतात का बघ."

"ती आता संग्रहालयात मिळतील!" भूपेंद्र हसला, पण शोधायला लागला. समोर आलेलं पहिलं मोठं हिरवं बटण त्यानं दाबलं. संगणक झाडूनपुसून स्वच्छ करण्याचा दावा करणारं काहीतरी उतरलं आणि पासवर्ड मागत बसलं. लॅपटॉप शाळेचा; पासवर्ड फक्त मुख्याध्यापकांना ठाऊक, आणि त्यांची बदली झालेली.

"काय शे रे हे? मी हत्यारं मागितली, तू झाडूवाला आणलास!"

"पासवर्डशिवाय काहीच बसत नाही, आत्या."

"मग न बसवता चालणारं शोध. सरक!"

त्यांनी चष्मा चढवला आणि दोन पानं सावकाश वाचली. सारी जुनी हत्यारं एकाच फाइलीत बांधून कुणीतरी ठेवली होती. ती नुसती फोल्डरात टाकायची आणि चालवायची. काळी खिडकी उघडली. भूपेंद्रला वाचण्याचा एवढा कंटाळा नसता, तर हे तासाभरापूर्वीच झालं असतं.

आता मात्र त्याला चेव आला. "द्या, मी करतो." सुनंदाबाई आज्ञा सांगत गेल्या, तो टंकत गेला. शेवटी शहाणपणा करून त्यानं स्वतःची एक ओळ घुसवली: खोलीचा आकडा नसेल ती नोंद वगळ.

यादी आली, सगळ्यांत कमी पाण्याचा पाडा सर्वांत वर. मोहपाडा पाचवा.

"मोहपाडा पाचवा? तिथली पोरं एप्रिलपासून हंडाभर पाण्यासाठी नाल्यात झिरे खणतात! तू काय वगळलंस?"

"कचरा. जिथं आकड्याऐवजी काहीबाही लिहिलंय ते."

त्यांनी एका छोट्या फाइलीत 'कोरडी' हा एकच शब्द लिहिला आणि ग्रेपला तो चारशे बारा फाइलींत शोधायला लावला. काळ्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले, म्हणून निकाल नोटपॅडमध्ये उघडला. एकवीस ओळी. पैकी नऊ मोहपाड्याच्या.

"वाच. मोठ्यानं."

भूपेंद्रनं वाचलं. "कोरडी. कोरडी. कोरडी, दोर तळाला टेकला. कोरडी, हेमलता खाली उतरली, हंडा भरला नाही."

त्यानं आपण घुसवलेली ओळ पुन्हा उघडून पाहिली.

"हा तुझा कचरा," त्या म्हणाल्या. "पाणी आहे तोवर पोरं आकडा लिहितात. संपलं की काय लिहायचं, ते तुमच्या पुण्यात शिकवत नसतील."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. भूपेंद्रनं आपली ओळ स्वतःच पुसली आणि कोरडे शनिवार सगळ्यांत आधी धरून सॉर्ट पुन्हा चालवलं. मोहपाडा पहिला आला. कागद छापून घेऊन त्यानं मोटारसायकल काढली आणि पांझरा नदीच्या पुलावरून धुळ्याकडे पिटाळली.

साडेपाचला फोन आला. "आत्या, मोहपाडा घेतला. समितीचे साहेब विचारत होते, हे कुठल्या सॉफ्टवेअरवर केलं?"

"मग काय सांगितलंस?"

"तुमचं नाव सांगितलं."

"बाकीचे दोन पाडे कोणते?"

"ते... विचारायचं राहिलं."

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "मग परत आत जा आणि विचारून ये!"