वडील हयात : होय

चूक माझीच. उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? बारामतीत स्टँडच्या मागं माझं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. शबानाताई कुठं बसते, असं विचारलं की कॉलेजची पोरं बरोबर दारात आणून सोडतात. नऊ वर्षं झाली स्कॉलरशिपचे फॉर्म भरतेय. पण त्या एका रकान्यात मी जे केलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

निरवांगीची योगिनी आली ती नेमकी शेवटच्या तारखेला, भर दुपारी बाराला, आईला घेऊन. नर्सिंगला नंबर लागलेला. स्कॉलरशिप मिळाली तर शिक्षण, नाहीतर वैशाखात लग्न. चुलत्यानं स्थळही बघून ठेवलं होतं. वडील सोनबा दोन महिन्यांपूर्वीच गेलेले.

"मृत्यूचा दाखला कुठाय?"

"अजून मिळाला न्हाय, ताई."

"मग इतके दिवस काय झोपा काढत होतीस?"

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मला माझ्याच तोंडाचा राग आला. पोर्टलवर 'वडील हयात आहेत का?' याला 'नाही' केलं की दाखला जोडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकतच नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र सोनबांच्या नावाचा होता, तोही चालू वर्षाचा. म्हटलं जाऊ दे, नंतर दुरुस्त करू. आणि मी 'होय' दाबलं.

मग ओटीपी गेला. कुठं, तर योगिनीच्या आधारला जोडलेल्या नंबरावर. तो सोनबांचा.

"फोन आणलाय का त्यांचा?"

योगिनीची आई साखरबाई पुढं सरकली. ती म्हणाली, "नरसिंगपूरला अस्थी सोडल्या, तवाच संगमात सोडला. लई जीव व्हता त्यांचा त्या फोनवर."

मी कपाळावर हात मारला. तरी नंबर लावून बघितला, म्हटलं कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला असेल तर पाया पडू. रिंग गेली. कुणीतरी उचलला. मी स्पीकर लावला.

आधी नुसतं पाणी. खोल पाण्याचा आवाज. मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. मग एक बसका आवाज आला, "दोन ईसा सात. तीन ईसा दोन. पंधरा." आणि फोन बंद.

साखरबाई खुर्चीतून उठून उभीच राहिली.

"सत्तेचाळीस, बासष्ट, पंधरा," योगिनी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आबा ईस-ईसानं मोजायचे, ताई. मेंढरं तशीच मोजायचे."

मी आकडे टाकले. फॉर्म गेला. "कुणीतरी टवाळखोर असेल," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी योगिनी एकटीच आली. चेहरा पार उतरलेला.

"ताई, आबा यायलेत."

"कुठं यायलेत? काय बोलतेस तू?"

"आई रोज बाराला फोन लावती. आबा उचलतात. पयल्यांदा नुसतं पानी ऐकू यायचं. मग म्हनले, पान्यातनं वर आलो. परवा सराटीला व्हते. काल म्हनले, आता बारामतीच्या रस्त्याला लागलो, जिथनं हाक आली तिकडं आधी जातो. आईनं परत कुंकू लावलंय. रोज त्यांच्या वाटची भाकरी टाकती."

हाक मीच मारली होती.

"तुला नको वाटतंय का ते?"

"मला आबा पायजेत ओ ताई!" पोर हमसून हमसून रडायला लागली. "पन ते लई थकलेत. म्हनतात, पाय सोलपटले, पन थांबता येत न्हाय. कुनीतरी चालायला लावलंय."

तिनं मोबाइल पुढं केला. कॉलेजनं फॉर्म परत पाठवला होता. शेरा होता, आमच्या नोंदीत वडील मयत, अर्जात हयात. तीन दिवसांत दुरुस्ती करा, अन्यथा अर्ज रद्द. आज तिसरा दिवस होता. दाखला आला होता, पण आईनं तो पिठाच्या डब्यात लपवलेला. योगिनीनं झटकला तरी त्याला पीठ लागलेलंच होतं.

मी फॉर्म उघडला, तेवढ्यात साखरबाई दारात. मागच्याच एसटीनं आली असणार. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं माझा हातच धरला.

"शबानाताई, पदर पसरते. एकदा गेलेत ते. पुन्हा नगा घालवू."

"आई, आनि माझं काय?" योगिनी म्हणाली. एवढंच. साखरबाईची पकड सुटली.

मी 'होय' काढलं. 'नाही' केलं. दाखला जोडला. पुन्हा ओटीपी, पुन्हा तोच नंबर. आता कोण वाचून दाखवणार? कुठला माणूस स्वतःला मयत ठरवणारा आकडा स्वतःच्या तोंडानं सांगेल? या अल्ला, म्हटलं, आणि फोन लावला.

पाणी नव्हतं या वेळी. घंटा अगदी जवळ वाजत होत्या. तेवढ्यात रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला आणि तोच हॉर्न फोनातही वाजला. आम्ही तिघींनी दाराकडं बघितलं. बाहेर कडकडीत ऊन, माणूस नाही. फक्त पायरी ओली होती.

"योगे," आवाज म्हणाला.

"आबा..." ती कशीबशी बोलली. "आबा, नंबर आलाय का?"

"आलाय. ह्यो टाकला की थांबता यील का गं मला?"

योगिनीनं आईकडं बघितलं. साखरबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"व्हय, आबा."

"आनि तू शिकशील?"

"व्हय."

जरा वेळ नुसत्या घंटा. मग तो सावकाश बोलला, कळप वाड्यात घेताना मोजावा तसा. "चार ईसा एक. एक ईस नऊ. दोन ईसा चौदा. आनि साखरला सांग, आजपास्नं भाकरी दोघींच्याच टाक."

मी कीबोर्ड तिच्याकडं सरकवला. आकडे योगिनीनंच टाकले. फॉर्म गेला. मी पुन्हा नंबर लावला, तर कंपनीची रेकॉर्डवरची बाई बोलली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

साखरबाईनं पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून निघेना, म्हणून परत पुसलं.

"गेला का पोरीचा फॉर्म?" तिनं विचारलं.

"गेला, मावशी."

"मग पावती द्या. आन चल योगे, एसटी चुकंल."

दोघी बाजूनं उतरल्या, ओल्यावर पाय न देता. अनवाणी पावलांचे ठसे होते ते, बोटं दुकानाकडं. परत गेलेला एकही नव्हता. मी फडकं घेऊन उठले होते, पण पुसवेना. ऊन लागून पायरी वाळेपर्यंत तिथंच बसून राहिले.