शिंपीमामा जिथे थांबत

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. खाली एक दांडी आणि वर दोन सरळ पाय, असा माझा अवतार. माझी भावंडं तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली असतील. मला कशावर तरी हलकेच आपटलं की मी एक स्वर देतो. दुसरा मला येत नाही, आणि हा एक कधी चुकत नाही. याचा मला थोडा गर्व आहे.

एका कारागिराने मला पोलादाच्या कांबीतून घडवलं. कानशीने घासायचं, कानाशी धरायचं, पुन्हा घासायचं, असं करत त्याने मला स्वरावर आणलं. मग काही वर्षं मी एका शाळेत विज्ञानाच्या बाईंच्या टेबलावर होतो. तिथे मुलं मला पाण्यात बुडवून एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. अभ्यास फारसा होत नसे.

या बाई दर रविवारी चर्चमध्ये जात. तिथे गाण्यांची पुस्तकं नव्हती आणि स्वरलिपी कोणाला येत नव्हती. निम्म्या लोकांना वाचता येत नसे आणि उरलेले चष्मा घरी विसरून येत. त्यामुळे एकाने पुढे उभं राहून ओळ म्हणायची आणि मंडळीने ती तशीच मागे म्हणायची, अशी रीत होती. पुढे उभे राहत ते शिंपीमामा. आवाज खणखणीत, पण पट्टीचा पत्ता नाही.

एका रविवारी बाईंनी मला मामांच्या हातात ठेवलं. "मामा, पहिलीच ओळ तुम्ही एवढी वर धरता, शेवटच्या ओळीला आम्ही काय छपरावर चढायचं? हा घ्या काटा. याचं ऐकून सुरू करा."

तेव्हापासून मी मामांच्या खिशात राहिलो, खडू आणि दोऱ्याच्या गुंत्यासोबत. मामा मला गुडघ्यावर आपटत, कानाशी नेत, "हं" म्हणत आणि ओळ सुरू करत. सुरुवात अगदी चोख व्हायची. पण चौथ्या कडव्यापर्यंत मंडळी हळूहळू घसरत पूर्ण एक स्वर खाली आलेली असे. सगळे एकत्र घसरत, म्हणून कोणाला कळत नसे. मला कळे. पण माझं मत कोणी विचारलं नाही.

उपासनेच्या शेवटी आणि दफनाच्या वेळी ते एक निरोपाचं गीत गात. ते मामांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याच्या प्रत्येक कडव्याची तिसरी ओळ अशी होती: "ओझं उतरव आता, घर जवळ आहे." 'घर' म्हटल्यावर मंडळी थांबे, एक श्वास घेई आणि मग पुढचे शब्द म्हणे. म्हातारे थांबत, आणि धावत येऊनही ज्यांना धाप लागत नाही अशी पोरंही थांबत.

बरीच वर्षं अशीच गेली. मग संगीताचे एक तरुण शिक्षक आले. मनाने चांगले होते. त्यांनी विजेवर चालणारी पेटी आणली आणि ऐकून ऐकून सगळी गाणी कागदावर उतरवली. या ओळीला मात्र ते अडले.

"इथे सगळे का थांबतात?"

"तिथे थांबायचंच असतं," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? गाणंच तसं आहे."

तेव्हा मामा बाकावरून हळूच म्हणाले, "अहो, तिथे मला दम लागतो."

कापडाचे बारीक तंतू वर्षानुवर्षं मामांच्या छातीत गेले होते. ते त्या जागी श्वासासाठी थांबत, आणि मंडळीने गाण्याबरोबर तो श्वासही पाठ केला होता. शिक्षक हसले. मावशीही हसल्या. मामा मात्र कानापर्यंत लाल झाले.

घरी आल्यावर त्यांनी मला बटणांच्या डब्यात टाकलं. आता सूर पेटी देणार होती. पुढची चार वर्षं मी तिथेच होतो. तक्रार नाही, पोलादाला कंटाळा येत नाही.

डब्यातून मला त्या घरातलं बोलणं ऐकू येई. मामा खाटेला खिळले, तेव्हा एकदा मुलीला म्हणाले, "माझ्या वेळी ते गीत तू धर. आणि सरळ म्हण, न थांबता. तुझ्या आजीने मला सरळच शिकवलं होतं. माझ्या हातून बिघडलेला कपडा लोकांच्या अंगावर राहायला नको."

मुलगी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. "बाबा, मला चार माणसांत नाव सांगतानाही घाम फुटतो."

"एवढं वचन दे, बाळा."

तिने दिलं. मामा गेले त्या दिवशी तिने डबा उघडला. माझ्या दोन पायांमध्ये एक पांढरं बटण अडकलं होतं. ते काढून तिने मला खिशात टाकलं. दफनभूमीत वीज नव्हती, म्हणून पेटी चर्चमध्येच राहिली होती.

तिने मला गुडघ्यावर आपटलं आणि कानाशी नेलं. सूर लागला. तिसरी ओळ तिने वचनाप्रमाणे सरळ म्हटली: "ओझं उतरव आता, घर जवळ आहे." मागून मंडळीने म्हटलं, "ओझं उतरव आता, घर..." आणि सगळे थांबले. मग म्हणाले, "जवळ आहे."

दुसऱ्या कडव्यात तिने ती ओळ आणखी ठासून म्हटली. मंडळी पुन्हा तिथेच थांबली. हट्टाने नाही, त्यांना दुसरं येतच नव्हतं. ज्यांनी ते गाणं स्वतः सरळ करून लिहिलं होतं, ते शिक्षकही हातात कागद धरून थांबले होते.

तिसऱ्या कडव्यात ती 'घर' म्हणाली आणि थांबली. तिने एक श्वास घेतला. मग तिने ओळ पुरी केली. तिने वचन मोडलं, हे मी सांगायलाच हवं. त्या दिवशीही मंडळी पूर्ण एक स्वर खाली उतरली, हेही मी मोजलं.

मित्रांनो, मला पुसून कोरड्या जागी ठेवा, मी शंभर वर्षं टिकेन. डब्यात पडून माझं काही बिघडत नाही. पण गाणं असं डब्यात ठेवू नका. ते तोंडातून कानात गेलं तरच राहतं, आणि ज्याच्याकडून घ्याल त्याचं थोडंसं त्यात येणारच. ते येऊ द्या.

आता मी मुलीच्या खिशात असतो. दर रविवारी ती मला गुडघ्यावर आपटते आणि पुढे उभी राहते. तिची छाती ठणठणीत आहे. तरी 'घर' म्हटल्यावर ती थांबते.