ड्युगलचे नवे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी गिटार, आणि तीही रॉक गाणाऱ्याची. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो या गार, दमट शहरात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. ड्युगल इनिसने मला घेतले तेव्हा तो गोदीत जहाजांना रंग देत असे. संध्याकाळी खोलीवर आला की हातही न धुता मला मांडीवर घेई. गाणी तोच लिही, चालही तोच लावी. आईच्या मृत्यूवर लिहिलेले त्याचे एक गाणे इतके गाजले, की पुढे त्याच्यासाठी मैदाने भरू लागली. लोक त्याच्या नावाने ओरडत, रडत. मला वाटे, हे असेच चालणार.

मग नवे गाणारे आले. ड्युगलच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खरखरीत झाला. बोलावणी बंद पडली. साठी उलटल्यावर एकच बोलावणे आले, ते ओमानहून.

बोलावणारा शिरीष मूळचा पुण्याचा, मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका हॉटेलचा मॅनेजर. कॉलेजात त्याने ड्युगलची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली होती. विमानतळावर त्याने ड्युगलच्या पाया पडायचेच काय ते बाकी ठेवले. पण पहिल्या तालमीत ड्युगल गाऊ लागला आणि शिरीषचा चेहरा उतरला.

"हा आवाज नको," तो म्हणाला. "तुम्ही फक्त ओठ हलवा. जुनं रेकॉर्डिंग आम्ही लावतो."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"चेहरा अजून ओळखीचा आहे तुमचा."

ड्युगल ग्लासगोची खोली सोडून आला होता. परत जायचे कुठे? तो रोज रात्री मंचावर नुसते ओठ हलवू लागला. मी मध्येच वाजू नये म्हणून माझ्या तारांखाली स्पंज कोंबण्यात आला. एसीच्या कोरड्या हवेत माझ्या पोटाला चीर गेली. ती कुणी पाहिली नाही. खोलीत मात्र ड्युगल स्पंज काढून एक नवे गाणे लिहीत होता.

एका गुरुवारी हॉटेल भरले होते. शिरीषची बायको श्यामलाही आली होती. ड्युगलने सगळ्यांसमोर स्पंज उपसून फेकला आणि ते नवे गाणे सुरू केले. आवाज फाटत होता, तरी तो थांबला नाही. श्यामलाने हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, ऐका तरी. किती आतून गातायत ते."

"गेस्ट चुळबुळ करतायत, दिसत नाही?" शिरीष साउंड सांभाळणाऱ्या मुनीरकडे वळला. "यल्ला मुनीर, चल लवकर, जुनं गाणं लाव. फुल व्हॉल्यूम."

रत्नागिरीचा मुनीर घुटमळला. "साहेब, तो अजून गातोय ना."

"मला ऐकू येतंय. लाव!"

मुनीरने लावले. ड्युगलचा तरुण आवाज म्हाताऱ्या आवाजावर कोसळला. ड्युगल आणखी जोरात गाऊ लागला, मानेच्या शिरा फुगल्या. मीही जिवाच्या आकांताने वाजले. माझी एक तार तुटली, तीही कुणाला ऐकू आली नाही. लोक टाळ्या वाजवत होते, रेकॉर्डिंगला. कुणी तरी त्याला खेटून सेल्फी काढला.

शेवटी त्याने तोंड मिटले. थोड्या वेळाने त्याचे ओठ पुन्हा हलू लागले. जुन्या गाण्याबरोबर, अगदी बिनचूक.

त्यानंतर त्याने काही लिहिले नाही. उन्हाळ्यात हॉटेलच्या खोलीतच त्याचे हृदय बंद पडले. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात शिरीष खरोखर रडला. "मी त्यांचा सगळ्यात मोठा चाहता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटातून आरपार स्क्रू घालून मला भिंतीवर ठोकण्यात आले. ते नवे गाणे आता फक्त मला येते, आणि मला वाजता येत नाही.

मित्रांनो, एखाद्याचे गाणे तुम्हाला फार आवडले, तर एकदा त्याच्याजवळ जा. 'आता काय लिहिलंय?' असे विचारा. आणि तो गात असेपर्यंत, आवाज कसाही असो, गप्प बसून ऐका.